काच किती मिनिटं टिकते? रायगड किनारा, आग आणि काचेचा इतिहास

पनवेल, खारघर, उलवे या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या इमारतींची चर्चा निघाली की ‘टफन्ड ग्लास’ हा शब्द येतोच. टफन्ड म्हणजे मजबूत, आणि मजबूत म्हणजे आगीतही टिकणार, असा बहुतेकांचा समज असतो. पण दगड लागल्यावर न फुटणं हा एक गुण झाला आणि तासभर आग अडवून धरणं हा दुसरा. या दोन गुणांची गल्लत का होते हे समजून घ्यायचं असेल, तर काच आपल्याकडे कशाकशासाठी निवडली गेली, हे बघावं लागतं. रिसर्चची तयारी करणाऱ्यांसाठी हा विषय चांगला आहे, कारण यात मटेरियल सायन्स, कायदा आणि इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत.

कंदिलाची काच

महाराष्ट्रात काच आणि आग यांची पहिली घरोघरची ओळख कंदिलाने करून दिली. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या पाठिंब्याने कराडजवळ कारखाना काढला. तिथला ‘प्रभाकर’ कंदील पुढे घराघरात पोचला आणि त्या गावाला ओगलेवाडी हेच नाव पडलं.

तापलेल्या कंदिलावर पावसाचा थेंब पडला की काच तडकते, हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. यामागचं गणित सोपं आहे. काच उष्णता फार हळू वाहून नेते. त्यामुळे एक भाग गरम होऊन प्रसरण पावतो, शेजारचा थंड राहतो आणि थंड भागावर ताण येतो. हा ताण साधारणपणे तीन गोष्टींच्या गुणाकाराइतका असतो : काचेचा यंग मापांक, प्रसरण गुणांक आणि तापमानातला फरक. साध्या सोडा-लाइम काचेचा मापांक ७० गिगापास्कल आणि प्रसरण गुणांक दर अंशाला ९ × १०⁻⁶. म्हणजे दर अंशामागे सुमारे ०.६३ मेगापास्कल. ८० अंशांचा फरक पडला की ताण ५० मेगापास्कलवर जातो आणि कापलेल्या कडेवरची एखादी बारीक चीर तडा जायला पुरते.

अमेरिकेत रेल्वेच्या सिग्नलचे कंदील पावसात असेच फुटत होते. त्यावर उपाय म्हणून कॉर्निंग कंपनीने कमी प्रसरणाची काच तयार केली आणि त्याच कामातून १९१५ मध्ये ‘पायरेक्स’ बाजारात आली. त्याआधी जर्मनीत ऑटो शॉट यांनी बोरोसिलिकेट काचेवर मूलभूत काम केलेलं होतं. आपल्या लॅबमधलं बीकर याच घराण्यातलं. तिचा प्रसरण गुणांक ३.३ × १०⁻⁶, त्यामुळे तेवढ्याच तापमानफरकाला ताण एक-तृतीयांश येतो.

जाळीची काच

दुसरा मार्ग अगदी वेगळा होता. काच फुटणारच असेल तर फुटू दे, पण पडू नये. १८९२ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँक शूमन यांनी तारेची जाळी काचेत घालण्याचं पेटंट घेतलं. आगीत काचेला तडे जातात, पण जाळी तुकडे धरून ठेवते, त्यामुळे ज्वाळा आणि धूर काही काळ पलीकडे जात नाही. जुन्या गोदामांच्या छपरांत, जिन्यांच्या खिडक्यांत ही काच आजही दिसते.

समुद्रकाठी मात्र तिचं दुखणं वेगळं. कडेला उघडी पडलेली तार खाऱ्या हवेत गंजते, गंज फुगतो आणि आग न लागताच काच कडेपासून तडकते. आगीसाठी केलेली सोय हवेनेच मोडीत काढायची, हा या किनाऱ्याचा स्वभाव पुढेही आडवा येतो.

मिनिटं कुठून आली?

‘६० मिनिटांची काच’ असं आपण म्हणतो, पण ही ६० मिनिटं कोणत्या आगीची? बाल्टिमोर (१९०४) आणि सॅन फ्रान्सिस्को (१९०६) इथल्या भीषण आगींनंतर अमेरिकेत चाचण्यांचा विषय ऐरणीवर आला आणि १९१८ मध्ये भट्टीचं तापमान वेळेनुसार कसं वाढवायचं याचा एक प्रमाण आलेख ठरला. आज वापरात असलेला आयएसओ 834 आलेख त्याच वळणाचा आहे आणि भारतातलं आयएस 3809 हे मानकही त्याच पद्धतीचं आहे. या आलेखात भट्टी ५ मिनिटांत ५७६, १० मिनिटांत ६७८ आणि ६० मिनिटांत ९४५ अंश सेल्सिअसला पोचते.

लाकूड, कागद, फर्निचर यांच्या आगीला हा आलेख बऱ्यापैकी लागू पडतो. पेट्रोलियमच्या आगीला नाही. तिच्यासाठीचा हायड्रोकार्बन आलेख ५ मिनिटांतच साडेनऊशे अंशांच्या आसपास जातो. रायगडमध्ये हा फरक पुस्तकी नाही. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागून चार जणांचा मृत्यू झाला. अशा प्रकल्पाच्या कंट्रोल रूमला खिडकी बसवताना ‘६० मिनिटं’ एवढंच वाचून चालणार नाही. कोणत्या आलेखावरची ६० मिनिटं, हे विचारावं लागेल.

उन्हासाठी निवडलेली काच

१९९१ नंतर ऑफिसांच्या इमारती काचेने मढू लागल्या. त्याच दशकात तळोज्याला फ्लोट काचेचा मोठा कारखाना सुरू झाला, म्हणजे सपाट, स्वच्छ काच रायगडातच बनू लागली. तेव्हा निवडीचे निकष होते ऊन किती आत येतं, एसीचं बिल किती येतं, वारा-पाऊस झेपतो का आणि इमारत दिसते कशी. आगीचा प्रश्न यादीत खाली राहिला.

त्याची किंमत दिसली. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्याच्या एएमआरआय हॉस्पिटलमध्ये तळघरात आग लागली. बंद काचेच्या इमारतीत धूर कोंडला आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली. जवानांना काचा फोडून आत शिरावं लागलं. १८ जुलै २०१४ रोजी अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्क या काचेच्या उंच इमारतीत वरच्या मजल्यांना आग लागली आणि अग्निशमन दलाचा एक जवान मृत्युमुखी पडला.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत काचेच्या दर्शनी भागासाठी स्पष्ट तरतुदी आहेत. प्रत्येक मजल्यावर बाहेर उघडणारी पॅनेलं हवीत, किमान एक मीटर बाय एक मीटरची, एकमेकांपासून १० मीटरपेक्षा जास्त अंतरावर नकोत. स्लॅब आणि काचेची चौकट यांच्यातली फट स्लॅबइतक्याच अग्निरोधक मालाने बुजवायची. ही फट नीट बघा : काच कितीही भारी घेतली तरी धूर या फटीतून वरच्या मजल्यावर जातोच.

मग निवडायची कशी?

आधी जागा बघायची. आगीच्या काचेचे तीन युरोपीय वर्ग आपल्याकडेही वापरात आहेत. ‘ई’ म्हणजे ज्वाळा आणि धूर अडतो, पण उष्णता आरपार येते. ‘ईडब्ल्यू’मध्ये पलीकडच्या बाजूला एक मीटरवर किरणोत्सर्जन १५ किलोवॅट प्रति चौरस मीटरच्या आत राहतं. ‘ईआय’मध्ये पलीकडचा पृष्ठभाग सरासरी १४० अंशांपेक्षा जास्त तापत नाही.

हे आकडे मनात बसवण्यासाठी अलिबागच्या किनाऱ्यावरचं भर दुपारचं ऊन आठवा. ते साधारण एक किलोवॅट प्रति चौरस मीटर. माणसाला २.५ किलोवॅटच्या पुढे फार वेळ थांबता येत नाही. म्हणजे ज्या काचेशेजारून लोक पळून जिन्याकडे जाणार आहेत तिथे ‘ई’ किंवा ‘ईडब्ल्यू’ काच बसवली, तर काच शाबूत राहील पण माणूस भाजेल. सुटकेच्या वाटेवर ‘ईआय’च हवी. नुसती टफन्ड काच यातल्या कोणत्याच वर्गात आपोआप बसत नाही. तिचा ताणसमतोल बिघडला की ती एकदम चुऱ्यासारखी खाली येते आणि आगीला दार उघडं होतं.

‘ईआय’ काचेच्या एका मोठ्या प्रकारात दोन काचांमध्ये पाणी धरून ठेवणाऱ्या सोडियम सिलिकेटचे थर असतात. साधारण १२० अंशांना तो थर फुगून पांढरा फेस होतो आणि उष्णता अडवतो. अडचण अशी की रोजच्या वापरात या काचेचं तापमान ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, असं अनेक उत्पादक सांगतात. पश्चिमेकडच्या उन्हात काच ही मर्यादा सहज ओलांडू शकते. अतिनील किरणांनी किंवा कडेतून शिरलेल्या ओलाव्याने थर दुधाळ होतो. म्हणून ती शक्यतो आतल्या भिंतीत घ्यायची. बाहेर घ्यायचीच असेल तर अतिनील किरण अडवणारा पीव्हीबीचा थर असलेली घ्यायची.

आता चौकट. किनाऱ्यावर ॲल्युमिनियम आवडतं, कारण ते लोखंडासारखं गंजत नाही. पण शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे प्रमाण आलेखावर १० मिनिटांच्या आत भट्टी त्याच्या पुढे जाते. त्यामुळे साधी ॲल्युमिनियमची चौकट बाद. पोलादाची आगीत टिकते, पण खाऱ्या हवेत गंजते. तेव्हा गॅल्व्हनायझिंग, रंगाची देखभाल किंवा स्टेनलेस स्टील यांचा खर्च काचेच्याच हिशेबात धरावा लागतो. आणि रेटिंग मिळतं ते काच, चौकट, गॅस्केट, स्क्रू या सगळ्या जुळणीला मिळून. यातली एक वस्तू साइटवर बदलली की प्रमाणपत्र त्या भिंतीला लागू राहत नाही.

म्हणून कुठलंही रेटिंग वाचताना तीन प्रश्न विचारायचे : चाचणी कोणत्या आलेखावर झाली, कोणत्या जुळणीची झाली आणि नमुना किती जुना होता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. नमुना नवा कोराच असतो. काचेच्या टिकाऊपणाच्या चाचण्या वेगळ्या आणि आगीच्या वेगळ्या होतात. मुरुड-श्रीवर्धनच्या हवेत दहा पावसाळे काढलेली चौकट आणि काच एकत्र भट्टीत घातली, तर ६० मिनिटांतली किती उरतील? प्रपोजल लिहायला बसणाऱ्यांपैकी कुणाला विषय हवा असेल, तर हा घ्या.