बाखचा एक जादा बार

गुरुवारची रात्र म्हणजे आमच्याकडची वीकेंडची सुरुवात. लेक (वय वर्षे नऊ) पियानोवर बाखचं सी मेजर प्रिल्यूड घोटत होती. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. दिसायला सोपं, सगळे स्वर सुटे, एकामागून एक. एकूण ३५ बार. (इथे कुवेतमध्ये दुसरा कुठला बार नसतोच!)

शेजारचे गोव्याचे आजोबा व्हायोलिन घेऊन आले. त्यांनी याच प्रिल्यूडवर बेतलेलं गुनोचं 'आवे मारिया' धरलं. बाविसाव्या बारपर्यंत झकास, आणि मग दोघं फुटले. पुन्हा वाजवलं, पुन्हा तिथेच. "तुझा एक बार गळतो गो बाय," आजोबा म्हणाले. बाईंनी तर पुस्तक बघून शिकवलेलं. झालं, रडारड!

मग मीच खोदकाम सुरू केलं.

बाखने १७२० साली थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, शिकायची वही सुरू केली. पोरगा तेव्हा नऊच वर्षांचा. त्या वहीत या प्रिल्यूडचा आधीचा, आखूड खर्डा आहे. १७२२ च्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर'मध्ये ते सुधारून सर्वांत पहिलं आलं. लय किती, कुठे हळू, कुठे जोरात, यातलं बाखने काहीच लिहिलेलं नाही. ते वाजवणाऱ्याने ठरवायचं.

गोची बाविसाव्या बारनंतर आहे. तिथे खालचा स्वर एफ शार्प, पुढच्या बारमध्ये एकदम ए फ्लॅट. मधला जी ओलांडून उडी! कानाला खडा लागतो. बाखनंतर हाम्बुर्गच्या श्वेन्के नावाच्या संगीतकाराने तिथे जी चा एक बार घुसवला. १८३७ साली चेर्नीने शिकणाऱ्यांसाठी आवृत्ती काढली, त्यात तो छापला गेला. बीथोवेनचं वाजवणं आठवेल तशा लयीच्या नि जोराच्या खुणाही चेर्नीने भरल्या. मग १८५३ मध्ये गुनोने आपली चाल ३६ बारांवरच बसवली. 'आवे मारिया'चे शब्द तर १८५९ चे.

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मेस्त मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवीत. प्यारेलालचे गुरू, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशाच वातावरणात वाढले. आमचे आजोबाही तिथलेच. त्यांच्या बोटांत गुनो मुरलेला, त्यांना ३५ बार ऐकू येणार कसे?

माझं मत विचाराल तर बाखच बरोबर. चोविसाव्या बारपासून खालचा स्वर आठ बार जी वरच ठाण मांडतो. तोच आधी ऐकवला की समेवर येण्याआधीच सम दाखवल्यासारखं होतं. त्या उडीपाशी किंचित रेंगाळून वाजवलं तर अंगावर काटा येतो. पण गुनोची चाल त्या जादा बारशिवाय उभी राहत नाही, हेही खरं.

लेकीला हे सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले, फार चर्चा केली नाही. काल तिचं पुस्तक चाळलं, तर बाविसाव्या बारनंतर पेन्सिलीने एक बाण काढलाय आणि बाजूला लिहिलंय, 'फक्त आजोबा असताना'.