दिव्यांगांचा रोजगाराचा हक्क: दुसरबीडसारख्या गावात तो कुठे मिळतो, कुठे अडतो?

बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा तालुक्यातलं दुसरबीड हे शेती, दुकानदारी आणि मजुरीवर चालणारं गाव. अशा गावातल्या दिव्यांग तरुणाला कामाबद्दल काय मिळू शकतं, असं विचारलं तर बहुतेक जण 'पेन्शन' म्हणून मोकळे होतात. कायदा मात्र त्याच्यापुढे जातो. तो काम करण्याचा हक्क देतो.

कायदा कोणता?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. अंधत्व, कर्णबधिरता आणि अस्थिव्यंग तर आहेतच. त्याशिवाय स्वमग्नता, मानसिक आजार, थॅलेसीमिया, सिकलसेल आणि ॲसिड हल्ल्यातून आलेलं दिव्यांगत्वही त्यात येतं. कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्तीही या कायद्याखाली येते. आरक्षणासाठी मात्र प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व असावं लागतं.

किती लोकांचा प्रश्न आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात जवळपास २९ लाख ६० हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. देशभरातल्या दिव्यांगांपैकी काम करणारे सुमारे ३६ टक्केच होते. पुरुषांमध्ये हे प्रमाण साधारण ४७ टक्के, तर स्त्रियांमध्ये फक्त २३ टक्के. म्हणजे दिव्यांग बाईच्या वाट्याला दुहेरी अडचण येते.

सरकारी नोकरीत काय मिळतं?

सरकारी भरतीत ४ टक्के जागा राखीव असतात. दृष्टिदोष, श्रवणदोष आणि अस्थिव्यंग या तीन गटांना प्रत्येकी १ टक्का. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून १ टक्का. योग्य उमेदवार मिळाला नाही, तर जागा लगेच दुसऱ्याला देता येत नाही, ती पुढच्या वर्षाच्या भरतीत न्यावी लागते.

आणखी एक तरतूद फारशी कुणाला माहीत नसते. नोकरीत असताना अपघाताने किंवा आजाराने दिव्यांगत्व आलं, तर सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि पदही कमी करता येत नाही. जुनं काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीचं दुसरं काम द्यावं लागतं.

मग अडतं कुठे?

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं उदाहरण पाहा. त्यांची दृष्टी लहानपणी गेली. २०१६ साली लागलेल्या निकालात त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा ७७३ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्यांना रेल्वे लेखा सेवा मिळाली, पण अंधत्वाचं कारण पुढे करून रेल्वेने त्यांना घेतलं नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. पहिल्या निकालाच्या वेळीही त्यांच्याकडे गुणवत्ता होतीच. दार अडवलं ते 'हिला हे काम कसं जमणार?' या आधीच ठरवून टाकलेल्या उत्तराने.

म्हणूनच कायदा आरक्षणासोबत 'वाजवी सोय' करायला सांगतो. ही सोय अनेकदा साधीच असते: पायऱ्यांऐवजी उतार, बसून करता येईल असं टेबल, स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, कामाच्या वेळेत थोडी सवलत. प्रमाणपत्रावरची टक्केवारी शरीराची असते. माणूस किती काम करू शकतो, हे त्यातून कळत नाही.

खासगी क्षेत्रात आरक्षणाची सक्ती नाही. पण प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. २० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर त्यात दिव्यांगांना कोणत्या सोयी आहेत हेही सांगायचं असतं. मुलाखतीला जाताना हे धोरण मागायला हरकत नाही.

गावातच काम करायचं असेल तर?

- रोजगार हमीचं काम: पाणी पाजणं, मजुरांची लहान मुलं सांभाळणं, रोपं लावणं अशी कामं दिव्यांगांना देता येतात. मजुरी इतरांइतकीच.
- ग्रामपंचायतीचा निधी: महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारता येतं.
- योजनांत वाटा: घरकुल, शेतजमीन वाटप आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे, त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य.
- स्वयंरोजगार: दुकान किंवा छोट्या धंद्यासाठी राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाच्या कर्ज योजना आहेत.
- शेतातला अपघात: मळणी यंत्रात हात गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकरी कुटुंबाला मदत मिळते. एक हात, पाय किंवा डोळा गमावल्यास १ लाख, दोन गमावल्यास २ लाख रुपये.

सुरुवात कुठून करायची?

आधी यूडीआयडी कार्ड काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, मग ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. इंटरनेट जमत नसेल, तर गावातल्या सेवा केंद्राची मदत घ्या. इथेच बरेच जण मागे राहतात. ज्याला चालता येत नाही, त्यालाच तपासणीसाठी प्रवास करावा लागतो, सोबत येणाऱ्याचा दिवस बुडतो, आणि एका खेपेत काम झालं नाही की अर्ज तसाच पडून राहतो. गावातल्या चार-पाच जणांनी मिळून गाडी केली, किंवा ग्रामपंचायतीने त्याच ५ टक्क्यांतून प्रवासाची सोय केली, तर ही अडचण बरीच हलकी होते.

भेदभाव झाला, हक्क नाकारला, तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. तुमच्या ओळखीत कुणी दिव्यांग असेल, तर त्याला फक्त 'पेन्शन लागली का?' एवढंच विचारू नका. 'कोणतं काम करायला आवडेल, आणि त्यासाठी कोणती सोय लागेल?' हेही विचारा.