तळटीप १७ : यंत्रवाचन

१७. यंत्रवाचन : हस्तलिखिताच्या छायाचित्रावरून संगणकाने केलेले लिप्यंतर. जाणकाराने वाचलेली पाने ओळीला ओळ जुळवून यंत्राला आधी शिकवावी लागतात. इन्सब्रुक विद्यापीठात विकसित झालेली 'ट्रान्सक्रिबस' ही प्रणाली याच रीतीने चालते. नांदेड-लातूरकडच्या मोडी दप्तरांत अडचण निराळी. मोडीत शिरोरेघ आधी ओढतात, हात न उचलता अक्षरे जोडतात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. त्यात निजामी अमलामुळे फारसी-उर्दू शब्दांची दाटी आणि फसली सन ही वेगळी कालगणना. न लागलेल्या अक्षरांच्या जागी यंत्र ओळखीचा शब्द बसवते, आणि तो इतका सुरळीत वाचला जातो की चूक डोळ्यांत भरत नाही. म्हणून रकमा, बिघे, पाव-अर्ध्याच्या रेघा आणि माणसांची नावे मूळ पानाशी ताडल्यावाचून छापू नयेत. यात सवलत नाही. माहूरशी नाते असलेल्या महानुभाव पंथाच्या सकळ लिपीतील पोथ्यांचे तर आणखी वेगळे. तिथे वर्णांची अदलाबदल सांकेतिक आहे. अक्षर अचूक ओळखले तरी किल्लीवाचून अर्थ लागत नाही. ती किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे प्रभृतींनी उलगडली, म्हणून आज या पोथ्या वाचता येतात. कंधार, उदगीर, औसा भागांत ज्यांच्या घरी मोडी रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे आणि मूळ कागद जपून ठेवावेत.