सुई कुणाच्या हातात?

ऑक्टोबर 1989. कॅनडातील हॅमिल्टन शहरात एका सदनिकेत तिघेजण कोकेन घेत बसले होते : एक स्त्री आणि दोन पुरुष. त्यांपैकी एका पुरुषाने त्या स्त्रीच्या संमतीने तिच्या हातात सुई टोचली. थोड्याच वेळात तिला झटके येऊ लागले, श्वास अडकू लागला. दुसऱ्या पुरुषाने मदतीसाठी दूरध्वनी करण्याची इच्छा दाखवली, तेव्हा पहिल्याने दमदाटी करून त्याला थांबवले. मग त्याने तिला बिछान्यावर ठेवले, खोलीतील बोटांचे ठसे पुसून काढले आणि तो निघून गेला. दुसरा पुरुष सहासात तासांनी परतला, त्याने दूरध्वनी केला, पण तोवर सर्व संपले होते.

कॅनडाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही घटना 'क्रायटन खटला' म्हणून ठाऊक असते. सुई टोचणाऱ्याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आले व 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. निकालाबाबत नऊही न्यायाधीशांचे एकमत होते. मतभेद होता तो दुसऱ्याच प्रश्नावर. आरोपी हा मुरलेला व्यसनी होता, धोका त्याला इतरांहून अधिक कळत होता, मग त्याचा दोष मोजताना हा अनुभव जमेस धरायचा की सामान्य विवेकी माणसाचा एकच मापदंड सर्वांना लावायचा? बहुमताने दुसरा पर्याय स्वीकारला. वर्गांत आजही चर्चा होते ती याचीच. विवेकी माणूस कोण, त्याला काय दिसायला हवे होते, वगैरे. बिछान्यावर ठेवलेली ती स्त्री मात्र निकालपत्राच्या वस्तुस्थितीच्या परिच्छेदातच राहून जाते.

साहित्याच्या अभ्यासकांनी तो परिच्छेद एखादा कथाभाग वाचावा तसा सावकाश वाचावा, असे आम्हांस वाटते. हा खटला वैवाहिक हिंसेचा म्हणून आम्ही पुढे ठेवत नाही. पण त्यात तीन गोष्टी एकत्र आहेत : सुई दुसऱ्याच्या हातात आहे, तिची संमती आहे, आणि दूरध्वनी कुणी करायचा नाही हे एक पुरुष धाकाने ठरवतो आहे. व्यसनी स्त्री, तिचा जोडीदार आणि अतिमात्रेचा मृत्यू यांच्या पुढील इतिहासात या तिन्ही गोष्टी पुनःपुन्हा भेटतात.

तो इतिहास सर्वांत बारकाईने नोंदला गेला तो कॅनडाच्याच पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हरच्या 'डाउनटाउन ईस्टसाइड' या वस्तीत. हेस्टिंग्ज आणि मेन या रस्त्यांच्या चौकाभोवतालचा हा गरीब भाग. 1990 च्या दशकात तेथे सुईवाटे एचआयव्हीचा फैलाव एवढा वाढला की 1997 साली आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यामुळे संशोधकही आले, आणि सुई घेणाऱ्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारे अभ्यास सुरू झाले. त्यांतून एक साधी गोष्ट समोर आली, जी रस्त्यावर सर्वांना आधीच माहीत होती : पुष्कळ स्त्रिया स्वतः सुई घेत नाहीत, कुणीतरी दुसरा त्यांना टोचतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये हे प्रमाण बरेच अधिक होते, आणि ज्यांना असे साहाय्य लागते त्यांना एचआयव्हीची लागणही अधिक होत होती. दुसऱ्याला टोचून देण्याच्या या कामाला तेथील बोलीत 'डॉक्टरिंग' म्हणतात. शब्द पाहा : ज्याच्या हाती सुई तो डॉक्टर, म्हणजे ती रुग्ण.

कारणे बरीचशी शारीरिक आहेत. नसा बारीक असतात, सापडत नाहीत. किंवा वर्षानुवर्षे टोचून त्या गेलेल्या असतात आणि मग मानेच्या नसेशिवाय मार्ग उरत नाही, जी स्वतःची स्वतःला दिसत नाही. नशा उतरताना, ज्याला मुंबईच्या रस्त्यावर 'टर्की' म्हणतात त्या अवस्थेत, हात थरथरतात. पण एक कारण निव्वळ नात्यातले आहे. अनेकींची पहिली सुई प्रियकराने किंवा नवऱ्याने टोचलेली असते आणि पुढे त्याने ती विद्या तिला शिकवलेलीच नसते. न शिकवणे हीही एक सत्ता आहे. माल त्याने आणायचा, त्याने विरघळवायचा, आधी स्वतः घ्यायचा, उरलेला आणि त्याच सुईने तिला द्यायचा; भांडण झाले तर द्यायचाच नाही, किंवा द्यायचा तो तिच्या कमाईच्या मोबदल्यात. मात्रा किती हे तिला कळत नाही. मारणारा हात आणि मात्रा ठरवणारा हात एकच असतो, तेव्हा अतिमात्रेला 'अपघात' म्हणणे कितपत नेमके, हा प्रश्न भाषेचाही आहे.

2003 च्या सप्टेंबरमध्ये याच वस्तीत 'इनसाइट' हे केंद्र उघडले. परिचारिकांच्या देखरेखीखाली स्वतःजवळचे मादक द्रव्य टोचून घेण्याची कायदेशीर सोय करणारे उत्तर अमेरिकेतील हे पहिले केंद्र. त्याचे यश वादातीत आहे. तेथे हजारो वेळा अतिमात्रा झाली, पण मृत्यू झाला नाही. केंद्र सरकारने ते बंद पाडू पाहिले तेव्हा 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने केंद्राच्या बाजूने कौल दिला. रस्त्यावरच्या मारहाणीपासून क्षणभर आसरा म्हणूनही स्त्रियांना त्याचा उपयोग झाला. परंतु तेथे एक नियम होता : प्रत्येकाने स्वतःची सुई स्वतःच घ्यायची. परिचारिका टोचणार नाही आणि शेजारी बसलेल्यानेही टोचायचे नाही. नियमामागची भीती समजण्यासारखी आहे. क्रायटन निकालानंतर दुसऱ्याला टोचणे आणि त्यातून मृत्यू होणे म्हणजे काय, हे सर्वांना माहीत होते. पण नियमाचा परिणाम असा की जिला सर्वाधिक धोका तीच दारातून परत फिरली. ती कुठे गेली? गल्लीत, अथवा त्याच्या खोलीवर. 2005 च्या सुमारास व्यसनींच्याच 'व्हँडू' या संघटनेचे कार्यकर्ते गल्ल्यांतून हिंडून अशांना टोचून देऊ लागले, शिकवूही लागले. कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा होता. आमच्या मते त्या दशकातील सर्वांत समंजस काम तेच होते.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. मराठी वाचकाला व्यसन आणि घरातील हिंसा यांची जोडी 1919 साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'पासून परिचित आहे. पण त्या मांडणीत व्यसन त्याचे असते आणि सोसणे तिचे. सिंधू स्वतः निष्कलंक असते, म्हणूनच आपले डोळे भरून येतात. सिंधूच्या हाती प्याला असता तर? सहानुभूतीचे आपले साहित्यिक शास्त्र तेथे अडते. असो.

ते केवळ साहित्यातच अडते असे नाही. 1997 साली व्हँकुव्हरजवळच्या एका डुक्करपालन फार्मवर रॉबर्ट पिक्टन याच्या चाकूहल्ल्यातून एक स्त्री जखमी अवस्थेत निसटली. खुनाच्या प्रयत्नाचा खटला दाखल झाला आणि 1998 च्या आरंभी तो स्थगित करण्यात आला, कारण ती व्यसनी असल्याने सरकारी वकिलांना ती विश्वासार्ह साक्षीदार वाटली नाही. पिक्टनला पुढे अटक झाली ती 2002 साली. मधल्या काळात डाउनटाउन ईस्टसाइडमधून स्त्रिया नाहीशा होतच राहिल्या. 2007 साली सहा खुनांसाठी तो दोषी ठरला. 2012 च्या चौकशी अहवालाचे शीर्षकच 'टाकून दिलेल्या' अशा अर्थाचे आहे. पिक्टन कुणाचा जोडीदार नव्हता हे खरे. पण सुऱ्याचे वार अंगावर असलेल्या स्त्रीवर जिथे विश्वास ठेवला गेला नाही, तिथे बंद दाराआड नवऱ्याने मारल्याची तक्रार तिने कोणाकडे न्यावी? शिवाय मुले काढून घेतली जाण्याचे भय. शिवाय निवारागृहांचा नियम की नशा करणारीला प्रवेश नाही.

आणि निवारा मिळालाच तर एक निराळा सापळा असतो, ज्याविषयी फार कमी बोलले जाते. काही आठवडे अफूजन्य द्रव्य घेतले नाही की शरीराची सहनशक्ती झपाट्याने उतरते. हेच तुरुंगातून किंवा इस्पितळातून सुटल्यावर होते. ती परत त्याच्याकडे जाते, स्त्रिया परत जातात तशी, आणि तो पूर्वीचीच मात्रा भरतो. मारण्याचा हेतू असायलाच हवा असेही नाही.

2016 च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने अतिमात्रेच्या मृत्यूंमुळे पुन्हा आरोग्य आणीबाणी जाहीर केली. या वेळी कारण होते फेंटानिल, जे हेरॉइनच्या सुमारे पन्नासपट तीव्र. तेव्हापासून भिंतीभिंतींवर एक उपदेश दिसू लागला : एकट्याने नशा करू नका, जवळ कुणी असू द्या, नॅलोक्सोन ठेवा. नॅलोक्सोन हे औषध मेंदूतील त्या जागांवरून अफूजन्य द्रव्याला हुसकावून थांबलेला श्वास परत आणते, पण ते बेशुद्ध माणसाला स्वतः घेता येत नाही. दुसऱ्याने द्यावे लागते. उपदेश योग्यच आहे. त्यात गृहीत एवढेच की तो दुसरा माणूस भला आहे. 2017 साली संसदेने कायदा केला की अतिमात्रेच्या वेळी मदत मागणाऱ्यावर जवळ मादक द्रव्य बाळगल्याचा खटला भरला जाणार नाही. पोलिसांच्या भीतीवर तो उतारा होता. हॅमिल्टनच्या त्या खोलीतही दूरध्वनी करू पाहणाऱ्याला अडवणारा खोलीतलाच माणूस होता, आणि त्याच्यावर या कायद्यात उतारा नाही.

त्याच 2017 साली डाउनटाउन ईस्टसाइडमध्ये 'सिस्टरस्पेस' हे केवळ स्त्रियांसाठीचे अतिमात्रा-प्रतिबंधक केंद्र सुरू झाले. संशोधकांशी बोलताना वस्तीतील स्त्रियांनी सांगितले की मिश्र केंद्रे त्यांना पुरुषांची वाटत; मारणारा, वसुली करणारा, पाळत ठेवणारा तिथेच शेजारी बसलेला असे. आणीबाणीत उभारलेल्या काही केंद्रांनी परस्परांना टोचण्यासही मुभा दिली, आणि आरोग्य खात्यानेही पुढे तो जुना नियम काही ठिकाणी सैल केला. इनसाइट उघडून तोवर बरीच वर्षे उलटली होती.

या प्रांतात अतिमात्रेने मरणाऱ्यांत सुमारे तीनचतुर्थांश पुरुष असतात, आणि म्हणून हा पुरुषांचा प्रश्न आहे असे म्हटले जाते. एकूण संख्येत ते बरोबर आहे. पण 2023 साली तेथील मूलनिवासी स्त्रियांचा मृत्युदर इतर स्त्रियांच्या दहापटीहून अधिक होता. सुईही आता मागे पडली आहे. बहुतेक मृत्यू ओढून घेतलेल्या धुराने होतात. त्यामुळे डॉक्टरिंगचा प्रश्न मिटला असे मात्र नाही, कारण पुडी कोण आणतो आणि किती देतो हे बदललेले नाही. प्रांताचे मृत्यू-अन्वेषण खाते नियमितपणे तक्ते प्रसिद्ध करते : वय, लिंग, शहर, कोणते द्रव्य, कशा प्रकारे घेतले, घरात की बाहेर. बहुसंख्य मृत्यू घरात, चार भिंतींच्या आतच होतात. ते द्रव्य तिला कुणी दिले, त्या वेळी खोलीत कोण होते आणि दूरध्वनी किती वेळाने झाला, यांसाठी त्या तक्त्यांत रकाना नाही.