सुरती कापूस आणि मँचेस्टरची सभा

31 डिसेंबर 1862. तुम्ही मँचेस्टरमधले विणकर आहात आणि गिरणीची घंटा कित्येक महिन्यांत वाजलेली नाही. धुराडी थंड पडल्यामुळे आभाळ कधी नव्हे इतकं स्वच्छ दिसतं. त्याचा आनंद कुणालाच नाही.

अमेरिकेत यादवी पेटली आहे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आहे आणि तुमच्या लँकेशायर परगण्याला लागणारा पाऊण हिस्सा तरी कापूस त्याच बंदरांतून येत असे. गुलामांनी वेचलेला कापूस. तुम्ही आयुष्यभर त्याचंच कापड विणलंत.

गिरणी बंद पडण्याआधी मालकाने साच्यावर ‘सुरती’ चढवून पाहिला. नाव सुरतेचं, पण मुंबईहून येणाऱ्या सगळ्याच हिंदी कापसाला इथे हेच नाव. त्यात गुजरातचा आहे, खानदेशचा आहे, वऱ्हाडचाही आहे. धागा आखूड, त्यात पाचोळा आणि माती. सूत तुटतं. साचा थांबवा, टोक शोधा, गाठ मारा, साचा सुरू करा; चार हात कापड होत नाही तोच पुन्हा तुटतं. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं, त्याबरोबर कापसाची धूळही घशात जाते. मजुरी मिळते ती कापडावर. म्हणजे कामावर असूनही उपाशी. ‘देवा, कापूस दे, पण सुरती नको’ अशी कुणीतरी प्रार्थना केल्याचा किस्सा इथे सगळ्यांना ठाऊक आहे. (जळगाव-अमरावतीच्या वाचकांनी मनाला लावून घेऊ नये, भेसळ शेतकऱ्यापेक्षा मधल्या दलालांनीच जास्त केली.)

आता तेही काम नाही. लँकेशायर आणि आसपास सुमारे पाच लाख माणसं मदतीवर जगताहेत. मुली शिवणवर्गाला जाऊन बसतात, कारण तिथे बसण्याचे थोडे पैसे मिळतात. पुरुषांना खडी फोडायला लावतात. सूत ओळखणारी तुमची बोटं हातोड्याने सोलवटली आहेत.

संध्याकाळी तुम्ही पीटर स्ट्रीटवरच्या फ्री ट्रेड हॉलकडे निघता. याच जागी 1819 साली मताधिकार मागायला जमलेल्या लोकांवर घोडेस्वार घातले होते. तुमच्या आजीला ते आठवत असे. आज आत कामगारांची सभा आहे आणि अध्यक्षस्थानी महापौर एबल हेवूड आहेत. कर न भरलेलं स्वस्त वर्तमानपत्र विकलं म्हणून तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस.

प्रश्न सरळ आहे. दक्षिणेला मान्यता द्या, नाकेबंदी मोडा, कापूस येईल, चूल पेटेल, असं सांगणारे शहाणे पुष्कळ आहेत. ऑक्टोबरात खुद्द अर्थमंत्री ग्लॅडस्टन न्यूकॅसलला म्हणून गेले की दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी राष्ट्र उभं केलं आहे. तुम्हाला मत नाही. संसदेत तुमचं कुणी नाही. तुमच्याकडे फक्त एक हात आहे, तो वर करायचा की नाही एवढंच ठरवायचं.

अध्यक्ष लिंकन यांना पाठवायचं पत्र मंजुरीसाठी मांडलं जातं. गुलामगिरी मुळापासून उपटा, अर्ध्यावर सोडू नका, असा त्याचा आशय. तुम्ही हात वर करता. उद्या, 1 जानेवारीला, लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू व्हायचा आहे.

सगळं लँकेशायर असंच होतं असं मात्र मानू नका. काही गिरणीगावांत दक्षिणेच्या बाजूनेही सभा झाल्या. मार्चमध्ये स्टॅलीब्रिजला मदतीच्या पद्धतीवरून दंगल होईल. उपासमार तुम्ही निवडलेली नव्हती, ती लादली गेली होती. पण तिचं कारण पुढे करून दुसऱ्याच्या बेड्या कायम ठेवा, असं म्हणायला तुम्ही नकार दिलात. माझ्या लेखी ते पुरेसं मोठं आहे.

19 जानेवारी 1863 रोजी लिंकनने उत्तर लिहिलं. मँचेस्टरच्या कामगारांचे हाल आपण जाणतो, आणि अशा हालांत त्यांनी घेतलेल्या भूमिकेला कुठल्याच काळात, कुठल्याच देशात तोड नाही, असं त्याने कळवलं. फेब्रुवारीत ‘जॉर्ज ग्रिसवोल्ड’ हे जहाज अमेरिकेतून लिव्हरपूलला लागलं, पोटात पिठाची हजारो पिंपं घेऊन. त्यातलं एक रिकामं पिंप रॉचडेलच्या संग्रहालयाने जपलं आहे.

त्याच सुमाराला मुंबईत काय चाललं होतं? कापसाचे भाव गगनाला भिडले होते, बॅकबेच्या समुद्रभरणी कंपनीच्या शेअरांवर उड्या पडत होत्या आणि कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाला सोन्याचं मोल होतं. 1865 मध्ये युद्ध संपलं तसा तो फुगा फुटला. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर प्रेमचंदांच्याच देणगीतून उभा राहिला. त्याखालून जाताना तुमच्या त्या उपाशी डिसेंबरची आठवण कुणाला होत नाही.

पुण्यात मात्र एका माणसाचं लक्ष अमेरिकेकडे होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. त्या अर्पणपत्रिकेत मँचेस्टरच्या विणकरांचा उल्लेख नाही. असता तर तो अस्थानी ठरला नसता.