बिदरी हुक्का : दख्खनची साक्ष

हुक्का म्हटला की मोगल दरबाराचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. अकबराच्या पदरी असलेल्या हकीम अबुल फत्ह गिलानीने पाण्यातून धूर ओढण्याची युक्ती काढली, ही आख्यायिकाही त्या चित्रास शोभते. परंतु कोणतीही साक्ष उलटतपासणीवाचून ग्राह्य धरू नये. हा हकीम १५८९ मध्ये वारला; आणि अकबरापुढे तंबाखू प्रथम आल्याचे जे वर्णन आपणांस उपलब्ध आहे, ते त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांचे आहे.

ते वर्णन असद बेगाचे. बादशहाच्या कामगिरीवर तो विजापुरास, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी, गेला होता. पोर्तुगिजांच्या व्यापाराबरोबर आलेली तंबाखू त्याने तेथे पाहिली आणि १६०४ च्या सुमारास ती उत्तरेस नेली. सोबत एक नळीही होती : तीन हात लांब, दोन्ही टोकांस रत्ने व मीनाकाम, ओठांशी येमेनी अकीक. ग्रंथांत उल्लेख नसलेल्या या वनस्पतीस दरबारच्या हकिमाने हरकत घेतली. तरी अकबराने झुरके घेतलेच. ही नळी पाण्याच्या हुक्क्याची होती, असे आम्ही म्हणत नाही. धूम्रपानाचे साधन अलंकृत करण्याची कला त्या वेळी दख्खनमध्ये प्रौढ झालेली होती, इतकेच त्यावरून सिद्ध होते. आणि तेवढेही थोडे नव्हे.

या कलेचा परमोत्कर्ष बीदरच्या हुक्क्यांत दिसतो. जस्तात थोडे तांबे मिसळून वाळूच्या साच्यात भांडे ओततात. त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवून, काळसर झालेल्या पृष्ठावर नक्षी कोरतात व खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप देतात. त्याने धातू काळाभोर होतो. चांदी मात्र उजळच राहते. सतराव्या शतकातील हुक्क्याची भांडी बहुधा गोल असत, म्हणून त्यांस खाली कडे लागे. पुढे घंटेच्या आकाराची, सपाट बुडाची भांडी रूढ झाली.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात, तशीच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, बिदरी हुक्के जपलेले आहेत. चिलीम व नळी हरवलेले असे भांडे मात्र पुष्कळदा फुलदाणी म्हणूनच ओळखले जाते. व्यसन लपविल्याने वस्तू निर्मळ होत नाही. ती केवळ अनाथ होते. जहांगिराने १६१७ मध्येच तंबाखूवर बंदी घातली होती, आणि तिच्या अपायांविषयी आज शंकेस जागा उरलेली नाही. नक्षीचे सौंदर्य हा तंबाखूचा बचाव होऊ शकत नाही. तसाच तंबाखूचा दोष हा कारागिरावरचा आरोपही नव्हे. त्या भांड्यास त्याचे नाव आणि गाव परत मिळावे, एवढेच आमचे मागणे आहे.