बाळसे, तराजू आणि सहा खेडी : ‘कृश-स्थूल’ अर्भकाची गोष्ट

१/ मुलाने बाळसे धरले की घर निश्चिंत होते. लठ्ठपणा हा भरल्या घरचा विकार आणि कृशता उपासमारीची, ही समजूत दीर्घकाळ टिकली. तिला मोठा धक्का दिला तो पुण्याजवळच्या सहा खेड्यांनी.

२/ प्रथम मोजपट्टीचा इतिहास. प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे बेल्जियमच्या अडोल्फ केतले याने १८३२ मध्ये मांडले. तो ‘सरासरी मनुष्य’ शोधत होता, रोग नव्हे. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. शरीरात स्नायू किती नि चरबी किती, हे मात्र ते सूत्र सांगत नाही.

३/ दुसरा धागा इंग्लंडचा. हर्टफर्डशायरमधील जन्मवजनांच्या जुन्या नोंदवह्या डेव्हिड बार्कर यांच्या हाती आल्या. कमी वजनाने जन्मलेले पुरुष पुढे हृदयविकाराने अधिक दगावले, असे १९८९ मध्ये दिसले. गर्भातील टंचाईशी केलेली तडजोड पुढे सुबत्तेत अंगावर उलटते, हा सिद्धांत हेल्स व बार्कर यांनी १९९२ मध्ये मांडला.

४/ पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेली मुले आठव्या वर्षी तपासली गेली. इन्सुलिनला शरीर दाद न देण्याची लक्षणे सर्वाधिक होती ती जन्मतः लहान, पण आठव्या वर्षी वजनदार झालेल्या मुलांत. १९९९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

५/ त्याआधीच, १९९३ मध्ये, डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी सहा खेड्यांतील स्त्रियांचा गर्भधारणेपूर्वीपासून मागोवा घेण्यास आरंभ केला होता. शेतात राबणाऱ्या या कृश स्त्रियांच्या अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे सुमारे ३.५ किलो.

६/ आश्चर्य पुढेच होते. पुण्याच्या अर्भकांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. २००३ मध्ये या देहाला नाव मिळाले : ‘कृश-स्थूल’ भारतीय अर्भक.

७/ २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये झळकले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! केतलेच्या सूत्राची मर्यादा याहून स्पष्ट कोण दाखवणार?

८/ कारण केवळ उष्मांकांच्या तुटीत नव्हते. खेड्यांतील बहुसंख्य मातांमध्ये जीवनसत्त्व बी-१२ कमी होते. ते दूध, अंडी, मांस यांतूनच मिळते. ज्या मातांत बी-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला (२००८).

९/ २०१२ मध्ये याच मुलांना, ती किशोरवयात आल्यावर, बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. हेतू असा की ती स्वतः आई-बाप होतील तेव्हा पुढच्या पिढीची सुरुवात बरी व्हावी.

१०/ बुलढाण्यातील हिवरा आश्रम असो वा पुण्याजवळचे खेडे, अंगणवाडीत पहिली साक्ष तराजूचीच घेतली जाते. कुपोषण ओळखण्यास ती आवश्यकच आहे. पण कृश मुलाला घाईने ‘गुटगुटीत’ करणे म्हणजे आरोग्य नव्हे, हा पुण्याच्या नोंदींचा धडा आहे. बालपणीच्या लठ्ठपणाचा इतिहास मुलाच्या ताटापाशी सुरू होत नाही. तो त्याच्या आईच्या, तीही मुलगी असतानाच्या ताटापाशी सुरू होतो.